हाडं धुताना

सात वर्षांनी थडग्याचं दार काढलं
तेव्हा आधी बाहेर आला तो गारवा.
मग कामादो काकू म्हणाली,
"पायांपासून धरा. डोकं शेवटी.
आणि छत्री उघडा गं कुणीतरी,
तिच्यावर ऊन पडू देऊ नका."

कासवाच्या पाठीसारखं आमचं थडगं, समुद्राकडे तोंड करून.
हे काम बायकांचं.
पुरुष लांब, केतकीच्या बनात, विड्या फुंकत बसलेले.

माझ्या वाट्याला आजीचे हात आले.
हात म्हणजे काय, सुटी सुटी पेरं,
डाव अर्धा टाकून कुणी उठून गेल्यावर
सागरगोटे पडून राहावेत तशी.
तांदळाच्या दारूत कापूस बुडवून
मी एकेक पुसत गेले
आणि खरं सांगते, शोधत गेले.

कारण माझी गोझेइ आजी म्हणजे तिचे हात.
प्रत्येक बोटावर निळा बाण, टोक नखाकडे.
मनगटाच्या उंचवट्यावर गोल, सुताच्या गुंडीएवढा.
बाण का, असं विचारलं तर म्हणायची,
सुटलेला बाण आणि दिलेली लेक
मागे वळत नाही, म्हणून.

तेराव्या वर्षी गोंदलं तिला.
गोंदणारीने वीसेक सुया एकत्र बांधलेल्या,
शाई दारूतच उगाळलेली.
दोन आत्या दंडांवर बसल्या, बाकीच्या गात होत्या.
"रडले नाही मी," आजी सांगायची,
"म्हणजे रडले, पण गाण्यात ऐकू गेलं नाही."
रात्री सुजलेल्या हातांवर सोयाबीनचा चोथा थापला
आणि सगळ्या गावाने येऊन हात बघितले.

पुढच्याच वर्षी कायदा आला.
काल जे लेणं होतं ते आज गुन्हा.
तिची धाकटी बहीण उतो
हवाईच्या उसाच्या मळ्यावर निघालेली;
बंदरावर हसतील म्हणून तिने हातांवर ॲसिड ओतलं.
बाण गेले.
बोटंही मग मिटेनात.

मी सात वर्षांची असताना शाळेच्या शाईने
दहाही बोटांवर बाण काढले होते.
मास्तरांनी वाळूने घासायला लावले, सगळ्या वर्गासमोर.
शाई गेली तरी घासत राहा म्हणाले.
घरी आल्यावर आजीने माझे हात
तिच्या हातांत घेतले आणि मग
काय वाटलं कोण जाणे,
पटकन स्वतःचे बाह्यांत ओढून घेतले.

वर गेल्यावर हात बघतात, ती म्हणायची.
कोरे असले तर बांबूची मुळं
नखांनी उपटायला लावतात.
मी हसायचे.
माझी बोटं कोरीच राहिली.
ज्याच्या घरी सुटायचं होतं
तो लढाईत डोंगरातल्या कुठल्या गुहेत राहिला,
त्याची हाडंसुद्धा धुवायला मिळाली नाहीत.

पेरं स्वच्छ झाली. पिवळट, हलकी,
शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी.
त्यांवर काहीच नव्हतं.
शाई तिथवर पोचतच नाही,
हे मला इतक्या वयात कळत नव्हतं असं नाही.

"काय हुडकतेस?" काकू.
"काही नाही."
"ते गेलं तिच्याबरोबर. कातडी आधी जाते."
आणि तिने कवटीवरची माती
बाळाचं टाळू पुसावं तशी पुसली.

म्हणजे बाण पुढे गेले.
माझ्या ओंजळीत राहिली ती कमान,
मोडलेली, तुकडे झालेली.

दुपार कलली. कुंभात पाय खाली, मग मांड्या, मग बरगड्या.
हातांची पाळी आली तेव्हा
एक पेर उरलं.
उजवं की डावं, कळेना.
बाण असता तर कळलं असतं.
छत्री धरणारी म्हणाली, आटपा, भरती येतेय.
मी ते मधोमध ठेवलं.